"समुद्रावर जाऊन या, लगेच राहील" म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत तो मेसेज मला पाच जणींनी पाठवला. भिशीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, चुलत नणंदेनं पर्सनलवर "वाच गं" असं लिहून पाठवला आणि शेवटी माझ्या सख्ख्या आईनं, जिला अजून फोटो कसा पाठवायचा ते येत नाही पण फॉरवर्ड बरोब्बर जमतं.

मेसेज थोडक्यात असा: दुसऱ्या बाळासाठी दिवस राहत नसतील तर कारण बाईचं टेन्शन. चार दिवस नवरा-बायको-लेकरू समुद्रावर जा, केव्हाही जा, राहतंच. तिथल्या हवेतल्या आयोडीननं थायरॉईड जागेवर येतो. मासे दाबून खा, पुरुषाची ताकद वाढते. येताना घाटातले धक्के आणि नंतर लेकरू उचलणं टाळा, नाहीतर राहिलेलं पडतं. आणि पहिलं झालंय म्हणजे दोघांत दोष नाही, उगं डॉक्टरांच्या खिशात पैसे घालू नका. खाली लाटांचे इमोजी आणि हात जोडलेले.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय बत्तीस, लेक पावणेतीन वर्षांची, दुसऱ्यासाठी प्रयत्न चालू होऊन चौदा महिने झाले आणि हो, आम्ही गणपतीपुळ्याला जाऊनही आलोय, म्हणजे मेसेजमधला प्रयोग घरचं पेट्रोल जाळून केलाय, तेव्हा बोलायचा हक्क माझा आहे.

आधी टेन्शन. हा मुद्दा सगळ्यांना पटतो कारण तो फुकट आहे, कुणाला काही करायला लागत नाही, फक्त बाईकडं बघून मान हलवायची. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, १४ अभ्यास एकत्र करून, ३५८३ बायका, सगळ्या टेस्ट ट्यूबसारखे उपचार घेणाऱ्या. उपचाराआधी कुणाला किती टेन्शन होतं आणि नंतर कुणाला राहिलं याचा संबंध त्यात लागला नाही. म्हणजे ज्या बायका रडत रडत गेल्या त्यांचं आणि ज्या हसत गेल्या त्यांचं सारखंच. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लाळेतलं ताणाशी संबंधित एक एन्झाइम ज्यांच्यात जास्त होतं त्यांना राहायला जरा जास्त वेळ लागला असं दिसलं होतं. तेव्हा टेन्शनचा शून्य संबंध असं मी म्हणत नाही, फार दिवस जबर ताण असला, वजन एकदम उतरलं तर पाळी पुढं-मागं होतेच, ते आपल्या आज्ज्यांना पण माहिती होतं. पण त्यावरून "चार दिवस समुद्र बघ, काम झालं" इथपर्यंत उडी कशी काय मारली?

मग त्या "आमच्या जावेला ट्रीपमध्येच राहिलं" वाल्या गोष्टींचं काय? त्या खऱ्या असतात, खोटं कुणी बोलत नाही. पण हिशोब बघा की. तरुण, तब्येतीनं ठीक जोडप्याला सुरुवातीच्या महिन्यांत दर महिन्याला राहायची शक्यता साधारण २० ते २५ टक्के धरतात. अशी शंभर जोडपी समुद्रावर गेली तर वीसेक जणींना त्या महिन्यात राहणारच, त्या घरात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या असत्या तरी राहिलं असतं. त्या वीस जणी आयुष्यभर सांगतात. उरलेल्या ऐंशी जणी घरी येऊन वाळू भरलेले कपडे धुतात आणि गप्प बसतात. मी त्या ऐंशीतली.

आणि "आराम" हा शब्द ज्यानं लिहिलाय त्यानं पावणेतीन वर्षांचं पोर घेऊन आंबा घाट उतरावा एकदा. सांगलीहून निघालो पहाटे पाचला, कोल्हापूर झालं, मलकापूरपर्यंत बाईसाहेब गाणी म्हणत होत्या, सासूबाईंनी कौतुकानं भडंग आणि केळं भरवलं, आणि घाटातल्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते सगळं माझ्या मांडीवर. ओला टॉवेल डिकीत. डिकीवर बॅगा. गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं मी दोन्ही हात ओंजळीसारखे धरून बसले होते आणि हे आरशातून बघत म्हणाले, "घाबरू नको, आता आराम करायचाय."

पुळ्याला पोचल्यावर तिनं समुद्राला पाय लावायला नकार दिला. लांबून बघायचं आणि "तो येतोय" म्हणून ओरडायचं. दुसऱ्या दिवशी भीती मोडली ती अशी मोडली की तिला धरून धरून माझा दंड दुखायला लागला, आणि तिथला समुद्र काही खेळायचा नाही, ओढ जबरदस्त आहे, दरवर्षी माणसं बुडतात, त्यामुळं नजर हलवायची सोय नव्हती. डायपरमध्ये वाळू, त्यानं लाल चट्टे, मग रात्री रडारड. खोली एकच, पलंग एकच, आणि पोरगी बरोब्बर मधे आडवी, डोकं बापाच्या बरगडीत आणि पाय माझ्या पोटात. रात्री दीड वाजता उठून म्हणते, "आई, समुद्र बंद कर." शेजारच्या खोलीत सासूबाई, भिंत पातळ. आता या असल्या परिस्थितीत मेसेजवाल्याला नक्की काय आणि केव्हा होणं अपेक्षित होतं ते त्यानं एकदा तरी खुलासेवार लिहावं.

"केव्हाही जा" या दोन शब्दांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण खरी मेख इथंच आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणून महिन्यातले कामाचे दिवस सहाच, बीज सुटायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. बाकीच्या दिवसांत समुद्र असो की कृष्णेचा घाट, उपयोग नाही. आणि ते सहा दिवस "चौदावा दिवस" असं कॅलेंडरवर गोल करून सापडत नाहीत. बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण दोन आठवडे लागतात, हा मागचा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो, पुढचा भाग कमीजास्त होतो. ज्यांचं चक्र २८ दिवसांचं त्यांचं बीज चौदाव्याच्या आसपास, माझं कधी ३२ कधी ३६, म्हणजे माझं अठराव्यापासून बाविसाव्यापर्यंत कधीही.

हे मला तेव्हा माहिती नव्हतं का, तर होतं, पण रूम दोन महिने आधी बुक करायला लागते आणि ॲपनं चौदावा दिवस दाखवला होता. आम्ही गेलो बारा ते पंधरा. ओव्हुलेशनच्या, म्हणजे बीज सुटायची वेळ लघवीवरून दाखवणाऱ्या स्ट्रिपा मी लेकीच्या खाऊच्या डब्याखाली लपवून नेल्या होत्या. रोज फिकट रेघ. गडद रेघ आली ती घरी परतल्यावर सहाव्या दिवशी, आणि गडद रेघेनंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. म्हणजे कामाचे सगळे सहा दिवस समुद्र सोडून आल्यावर सांगलीतच होते. त्या आठवड्यात यांची कुपवाड एमआयडीसीत नाईट शिफ्ट होती, तेव्हा ते पण जाऊ दे.

(जाता जाता एक चूक कबूल करते, पूर्ण ट्रीप मी त्या रेघेच्या नादात होते. लेकीनं पहिल्यांदा शिंपला कानाला लावला तो क्षण यांनी बघितला, मी बाथरूममध्ये स्ट्रिप उजेडाकडं धरून उभी होते.)

आयोडीनचं. समुद्राच्या हवेत आयोडीनचा अंश असतो हे खरं, पण थायरॉईडला रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम लागतं आणि ते आपल्याला मिळतं पुडीतल्या आयोडीनयुक्त मिठातून, चार दिवस दीर्घ श्वास घेऊन नव्हे. गंमत अशी की कोकणातून आपण जे खडेमीठ "नैसर्गिक" म्हणून कौतुकानं पोतंभर आणतो त्यात आयोडीन जवळजवळ नसतंच. आमच्या सासूबाईंनी तीन किलो आणलंय, लोणच्याला उत्तम आहे, मी काही बोलले नाही. आणि थायरॉईड खरंच बिघडलेला असेल तर तो बऱ्याचदा आयोडीनच्या कमतरतेचा नसतोच, त्याला टीएसएचची साधी रक्ततपासणी आणि गोळी लागते. ती गोळी हवा खाऊन बंद करू नका एवढं हात जोडून सांगते, कारण मेसेज वाचून तसं करणाऱ्या एकीला मी ओळखते.

मासे खा, चांगलेच आहेत. बांगडा, तारली असले लहान मासे आठवड्यातून दोन-तीनदा काही हरकत नाही. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, दिवस राहायची वाट बघणाऱ्या बाईनं ते टाळलेलं बरं. एवढंच. ताकद वगैरे जेवणाच्या ताटापुरती.

पुरुषाच्या बाबतीत तर मेसेज शाळेतल्या पोराच्या पुस्तकापेक्षा मागं आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर दिवस लागतात. म्हणजे पुळ्याला जे काही होतं ते अडीच महिन्यांपूर्वी सांगलीत बनायला सुरुवात झालेलं होतं, त्यावर परवाच्या सुरमईचा काय परिणाम होणार! बदल करायचा तर तंबाखू-गुटखा आज सोडा आणि फरक अडीच-तीन महिन्यांनी बघा. उलट ट्रीपला गेल्यावर चार दिवस रोज संध्याकाळी "बसायचं" ठरवणारे नवरे मी बघितलेत, आणि मेसेज त्यांना काही बोलत नाही, टेन्शन फक्त बायकोनं सोडायचं.

आता धक्क्यांचा मुद्दा, यात भीती आहे म्हणून जरा नीट. बीज फळल्यावर साधारण सहा ते बारा दिवसांत ते गर्भाशयाच्या अस्तरात रुतून बसतं. तेव्हा ते मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान असतं आणि गर्भाशय म्हणजे काही रिकामा डबा नाही की आत गोटी खडखडेल, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. घाटातल्या खड्ड्यानं ते निसटत नाही. समुद्रात बसल्यानं पाणी गर्भाशयात जात नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते, ती पहिल्या दिवसापासून असते, बाईनं काय उचललं यावर ठरत नाही. आणि पावणेतीन वर्षांचं लेकरू उचलायचं नाही म्हणजे काय करायचं? तेरा किलोची माझी पोरगी लाटेला घाबरून हात वर करते तेव्हा मी तिला काय, मेसेज दाखवू? माझ्या ओळखीतल्या एकीचं सातव्या आठवड्यात गेलं आणि तिची सासू आजही म्हणते की तू त्या दिवशी मोठ्याला कडेवर घेतलंस. असल्या मेसेजमुळं होतं ते हे. (आधी गर्भपात झालेला असेल, रक्त जात असेल, डॉक्टरांनी जपायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टरांचं ऐका, माझं पण नको.)

राहता राहिला शेवटचा, "पहिलं झालंय म्हणजे दोष नाही." पहिल्यानंतर दुसरं न राहणं इतकं नेहमीचं आहे की त्याला डॉक्टरी भाषेत वेगळं नाव आहे, दुय्यम वंध्यत्व. मधल्या काळात वय वाढतं, वजन वाढतं, थायरॉईड येतो, सिझरनंतर काही अडचण राहते, गर्भाशयाच्या नळ्यांना सूज येऊन गेलेली असते, नवऱ्याचा शुक्राणूंचा काउंट उतरतो. पहिल्या वेळचं सर्टिफिकेट दुसऱ्या वेळी चालत नाही. नियम साधा आहे, पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून मग तपासणी, पस्तिशी ओलांडली असेल तर सहाच महिने, आणि पाळीच अनियमित असेल तर वाट बघायची गरज नाही. आणि तपासणी दोघांची. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं किंवा तेही एक कारण असतं, आणि त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी त्रासाची, तरी आपल्याकडं बाईच्या नळ्या तपासून झाल्यावर मग नवऱ्याला हळूच विचारतात.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये एक कामाची गोष्ट नाही ती म्हणजे फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, राहायच्या निदान महिनाभर आधीपासून, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते, तेव्हा कित्येकींची पाळी नुसती आठवडा-दोन आठवडे पुढं गेलेली असते. स्वस्तातली गोळी. तिच्यासाठी लाटांचे इमोजी कुणी टाकत नाही.

समुद्रावर जाऊ नका असं मी म्हणत नाहीये हां, आम्ही दिवाळीनंतर परत जाणार आहोत, यावेळी तारखा नणंदेच्या पोरांच्या सुट्टीवरून ठरल्यात आणि घाटाआधी भडंग बंद.

त्याआधी येत्या मंगळवारी मिरजेला दोघांची अपॉइंटमेंट आहे. यांच्या तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको असं सांगितलंय, ते मी त्यांना किचनमध्ये हळू आवाजात समजावत होते तेवढ्यात सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "कशाला गं मिरजेला? परत चार दिवस पुळ्याला जाऊन या की." हे पटकन म्हणाले, "आई, माझी तपासणी आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्या या विषयावर काही बोलल्या नाहीत, गॅस बारीक केला आणि नातीला हाक मारली.