वाकळीतनं पडलेले दोन डबे

घटस्थापना तोंडावर आलीय, त्यामुळं आमच्याकडं आज सकाळपासून साफसफाई. कोल्हापुरात नवरात्राआधी घर कसं धुऊन निघतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भांडी झाली, पडदे झाले, शेवटी आईच्या खोलीतल्या माळ्यावरच्या वाकळा खाली ओढल्या, तर एका वाकळीच्या घडीतनं दोन डबे फरशीवर पडले. त्याच कॅप्सूल. वर जांभळ्या फुलाचं चित्र, तुळशीचं पान, "सर्दी-खोकल्यापासून कवच" अशी ठळक ओळ. एका डब्याची किंमत १,६५० रुपये.

डोकं फिरलंय माझं. वाकळा तशाच जमिनीवर पडल्यात आणि मी हे टाईप करायला बसलेय.

गेल्या वर्षीचा श्रावण आठवतोय का तुम्हाला? आठ-आठ दिवस ऊन नव्हतं, घरात कपडे वाळत नव्हते. आईला सर्दी झाली. वय ७२. मी म्हटलं डॉक्टरांकडं जाऊया, तर म्हणाली, "कशाला? गोळी चालू हाय की." गल्लीतली एक ताई घरोघर जाऊन या कॅप्सूल विकते, तिनं दिलेल्या. सकाळी दोन, रात्री दोन. पाच दिवस झाले, आठ झाले, खोकला छातीत उतरला. संध्याकाळी अंग तापायला लागलं. रोज विचारायचे आणि रोज तेच उत्तर, गोळी चालू हाय की. बाराव्या दिवशी पहाटे ती भिंतीला टेकून बसलेली दिसली, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. न्यूमोनिया. सहा दिवस दवाखान्यात, त्यातले दोन ऑक्सिजनवर. आणि नर्सनं "कोणती औषधं चालू आहेत आजी?" विचारल्यावर मास्क बाजूला करून हिनं त्या डब्याचं नाव सांगितलं.

ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाही. म्हणून तोच डबा पुन्हा माझ्या घरात, तोही लपवलेला, बघून मला काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

मी काढ्याच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली कुणीतरी "आपलं आयुर्वेद" म्हणून सुरू होईल. मी काढ्यावरच वाढलेय. परड्यात अडुळसा होता, कुंडीत गवती चहा होता, सुंठ घरची असायची. आल्याच्या रसात मध घालून रात्री चाटण मिळायचं आणि झोप लागायची. मधानं खोकल्याला आराम पडतो हे आता डॉक्टरही सांगतात (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही, हे सगळ्या आज्यांना सांगा). पण माझी आजी कधी म्हणाली नाही की हा काढा पी म्हणजे तुला सर्दीच होणार नाही. ती म्हणायची, पी, बरं वाटंल. बरं वाटणं आणि बरं होणं यातला फरक त्या न शिकलेल्या बाईला कळत होता. डब्यावर छापणाऱ्यांना कळत नाही असं नाही, त्यांना तो तुम्हाला कळू द्यायचा नाहीये.

सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. गोळी खा, नका खाऊ. आठव्या दिवशी नाक मोकळं झालं की आपण म्हणतो गोळीनं गेली. सगळा धंदा या एका गैरसमजावर उभा आहे. सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, एकाची ओळख शरीराला पटली की पुढच्या महिन्यात दुसरा येतो. आणि ती "प्रतिकारशक्ती वाढवा" ही घोषणा! अहो, नाक गळतं, शिंका येतात, घसा सुजतो, अंग तापतं, हे बरंचसं आपली प्रतिकारशक्तीच करत असते विषाणूशी झटताना. वाढवून वाढवून काय वाढवणार?

ते जांभळं फूल एकिनेशियाचं. उत्तर अमेरिकेच्या माळरानावर उगवतं. आमच्या पन्हाळ्यावर नाही की राधानगरीच्या जंगलात नाही, तरी डब्यावर लिहिलंय "परंपरागत". कुणाची परंपरा? त्या फुलावर परदेशात ढिगानं चाचण्या झाल्यात आणि झालेली सर्दी त्यानं लवकर जाते असं काही ठाम निघालेलं नाही. रोज घेतलं तर सर्दी किंचित कमी वेळा होत असेल, असं काही जण म्हणतात. असेल बाबा. काळमेघ नावाच्या कडू वनस्पतीनं घसा जरा लवकर निवळतो असंही काही चाचण्यांत दिसलंय, तेही मान्य. पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनमधले महिन्याला १,६५० रुपये?

बाकी डब्यात गुळवेल आहे. गुळवेल म्हटलं की आपल्याला वाटतं, कुंपणावरची वेल, ती काय करणार! २०२०-२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांकडं महिनोन्‌महिने गुळवेल घेणारे लोक कावीळ होऊन, लिव्हरला सूज येऊन आले. आयुष मंत्रालय म्हणालं की तशीच दिसणारी दुसरी वेल असेल, खरी गुळवेल सुरक्षित आहे. ठीक आहे, धरून चालू. मग कॅप्सूलमध्ये दळून भरलेली वेल कोणती हे माझ्या आईनं कसं ओळखायचं?

आणि डबा उलटा करून बघा कधी. मागं, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलेलं असतं: औषधी वापरासाठी नाही. पूरक आहार म्हणून विकायचं तर कायद्यानं ते लिहावंच लागतं. पुढं मराठीत मोठ्या अक्षरांत कवच, मागं इंग्रजीत बारीक अक्षरांत हात वर. माझी आई सातवी शिकलेली आहे. तिनं मागची बाजू वाचावी अशी त्यांची इच्छाच नाही.

आत्ता मध्येच उठून आईला जाऊन विचारलं. आवाज चढवूनच विचारलं, खोटं कशाला सांगू. "एवढं सगळं झालं तरी परत? आणि वर लपवून?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फोडल्यात का बघ की."

फोडलेले नव्हते. ते मी मघाशी बघितलंच नव्हतं. दोन्ही डब्यांना सील तसंच.

"तिच्या पोरीची अकरावीची फी भरायची हुती. नुसतं पैशे दिलं तर घेत न्हाई ती. म्हणून डबं घेतलं. तू वराडणार म्हणून ठेवलं वर."

आता काय बोलायचं?

पंधरा मिनिटं नुसती बसून होते, मग परत लिहायला घेतलं. वरचं काहीही खोडत नाही, सगळं खरंच आहे. पण त्या ताईबद्दल माझ्या मनात जो राग होता तो कुठं ठेवायचा कळेना. नवऱ्याचं काम सुटलंय, हे मला ठाऊक होतं. आई दवाखान्यात असताना ती दोनदा डबा घेऊन आली होती, पांढरा रस्सा आणि भात, आणि मी तिच्याशी धड बोलले नव्हते. तिला कुणीतरी एका हॉलमध्ये बसवून पडद्यावर आकडे दाखवले, स्वतःच्या पैशानं पन्नास डबे घ्यायला लावले, आणि सांगितलं की आधी नात्यातल्यांना आणि गल्लीतल्यांना विक. ती स्वतःही त्याच गोळ्या खाते, स्वतःच्या पोरीलाही देते. ती फसवत नाहीये. ती फसलीय. जे वर बसलेत त्यांच्या घरी श्रावणात कुणी भिंतीला टेकून रात्र काढत नसणार, आणि काढलीच तर ते बाराव्या दिवसाची वाट बघणार नाहीत.

तरीसुद्धा. आई त्या गोळ्या आता खात नाही, पण समोरच्या वाड्यातले आजोबा खातात. कोपऱ्यावरच्या काकू खातात, त्यांना तर दमा आहे. त्यांच्या घरी कोण विचारणार आहे कितवा दिवस ते? तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर "गोळी चालू आहे" या उत्तरावर थांबू नका. ताप तीन दिवसांच्या वर गेला, धाप लागली, चालताना बोलणं तुटायला लागलं, तर उचला आणि न्या. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस असते मोठ्यांसाठी, डॉक्टरांना विचारा. ती लस मिळते हे मला त्या सहा दिवसांत कळलं. आधी कुणी दारात येऊन सांगितलं नव्हतं, त्यात कमिशन नसेल म्हणून असेल.

माळ्यावरच्या धुळीनं मला मघापासून शिंका येतायत. धूळ आहे म्हणून सांगितलं, पण आई ऐकते होय? "थांब, काढा करतो तुला," म्हणून आत गेली. खलबत्त्याचा आवाज येतोय. मिरी असणार.

संध्याकाळी त्या ताईकडं जाऊन येणार आहे. डबे परत द्यायचे नाहीत, आईनं बजावलंय. पण तिच्या हातची चकली ज्यांनी खाल्लीय त्यांना माहीत आहे. आमची दिवाळीची पाच किलो भाजणीची ऑर्डर मी आजच तिला देतेय, आगाऊ पैशांसकट. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, राजारामपुरी, कुणाला हवी असेल तर मला इनबॉक्समध्ये किलो सांगा. चकली, शंकरपाळी, बेसन लाडू. घरपोच मी करते.