चित्रांनी मुलांची कल्पनाशक्ती मरत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री मुलांना कुशीत घेऊन चित्रांची पुस्तकं वाचून दाखवणं हे परदेशी खूळ आहे. आपल्या आज्या दिवा मालवून गोष्टी सांगायच्या, त्यामुळे मुलं मनात चित्रं रंगवायची; आता तयार चित्र पुढ्यात ठेवल्यामुळे त्यांची कल्पनाशक्ती मरते. दोन वर्षांच्या पोराला पुस्तकातलं काही कळत नाही. वाचून दाखवायची सवय लागली की मूल पुढे स्वतः वाचायचा कंटाळा करतं. तेच पुस्तक रोज मागणं हा हट्ट आहे, तो पुरवू नये. शिवाय मराठीत धड पुस्तकंच नाहीत, तेव्हा मोबाइलवर गोष्ट लावून द्यावी.

मी बालवाडीत शिकवते. आमच्याकडच्या काही आयांनी हा मेसेज मनावर घेतला आणि घरातली पुस्तकं माळ्यावर टाकली. म्हणून हे उत्तर.

"हे परदेशी खूळ आहे."

मुलांसाठी छापलेलं चित्रांचं पुस्तक युरोपात जन्माला आलं हे खरं. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं सचित्र पुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं, आणि मुलांसाठीच्या चित्रपुस्तकांचा इतिहास बहुतेक वेळा तिथूनच सांगतात. पण रात्री माणसं जमवायची, एकेक चित्र पुढे धरायचं आणि त्याची गोष्ट सांगायची, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवलेलं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची चळत असते, तिला पोथीच म्हणतात. सांगणारा एक चित्र पुढे ठेवतो, वाद्यांच्या साथीवर तेवढा प्रसंग गातो, सांगतो, मग पुढचं चित्र. देवळात बसलेल्या माणसांत पोरंसोरंही असायचीच. ही कला जगवण्यासाठी परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. राजस्थानात चित्रं काढलेल्या लाकडी पेटीची एकेक दारं उघडत गोष्ट सांगायची कावड आहे, बंगालात चित्रांचा पट उलगडत गाणारे पटुआ आहेत. आपले पूर्वज गोष्ट फक्त अंधारातच ऐकत होते, असं म्हणणं म्हणजे या सगळ्या कलावंतांना विसरणं आहे.

"तयार चित्र दिलं की कल्पनाशक्ती मरते."

मेसेजमधला हाच मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि हाच सगळ्यात चुकीचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या वर्गात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर बाईंनी हाताने काढलेलं एक पुस्तक आहे. त्यातल्या एका पानावर एवढंच लिहिलंय: "बाळ झोपलं." चित्रात बाळ गोधडीत गुरफटलंय, एक पाय बाहेर आलाय, त्या पायात मोजा नाही, आणि खाटेखाली मनीमाऊ मोजा तोंडात धरून बसली आहे. मजकुरात मांजराचं नाव नाही, मोज्याचं नाही. मागे एकदा माझी भाची वर्गात आली होती, जेमतेम अडीच वर्षांची. ते पान उघडल्यावर आधी तिने मांजरावर बोट ठेवलं. "मनी!" मग बराच वेळ गप्प. मग, "मोजा नेला." पुन्हा गप्प, आणि मग एकदम माझ्याकडे बघून, "बाळाचा पाय गाऽर!" पाय गार पडेल हे ना पानावर लिहिलं होतं, ना चित्रात काढलं होतं. ते तिने जुळवलं. मांजर, मोजा आणि उघडा पाय या तीन गोष्टींमधला धागा तिचा तिने लावला, आणि जे दिसत नाही त्याच्यापर्यंत पोचली. आणखी कुठली कल्पनाशक्ती हवी आहे आपल्याला?

चांगलं चित्रपुस्तक असंच रचलेलं असतं. शब्द एक सांगतात, चित्र त्याच्या थोडं पुढे किंवा थोडं आडवं जातं, आणि मधली जागा मुलाने भरायची असते. जिथे चित्रात तेच आणि शब्दातही तेच, ते पुस्तक फिकं असतं. मुलंही ते दोनदा मागत नाहीत.

दुसरं असं की मन रिकाम्या हाताने काही रंगवत नाही. पनवेलच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाने मोट पाहिलेली नाही, जातं पाहिलेलं नाही. त्याला अंधारात "म्हातारी जात्यावर बसली होती" असं सांगितलं, तर तो काय डोळ्यांसमोर आणणार? आजीच्या गोष्टीत चित्र लागत नव्हतं, कारण जातं माजघरात होतं आणि कोल्हा वेशीबाहेर ओरडत होता. आजीची गोष्ट आणि पुस्तक यांत भांडण लावायचं काहीच कारण नाही. आज पुस्तक, उद्या दिवा मालवून गोष्ट. ज्या घरात दोन्ही चालतं त्या घरातली मुलं पुस्तकातलं मांजर आजीच्या गोष्टीत नेऊन सोडतात, हे मी वर्गात सतत ऐकते.

"दोन वर्षांच्या मुलाला काय कळतं?"

कळतं, पण बडबडत वाचत सुटलं तर कमी कळतं. अमेरिकेतल्या ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पावणेदोन ते तीन वर्षांच्या आतबाहेरची मुलं. सगळ्यांच्या घरी पुस्तकं वाचली जात होतीच. अर्ध्या पालकांना फक्त वाचण्याची रीत बदलायला सांगितलं: हे काय, तो काय करतोय, आता काय होईल असं विचारा, मूल बोललं की त्याच्या वाक्यात थोडी भर घालून त्यालाच परत द्या. एका महिन्यानंतर या मुलांचं बोलणं बाकीच्यांच्या तुलनेत काही महिन्यांनी पुढे गेलं होतं. पुस्तकं दोन्हीकडे होती. फरक पडला तो बोलण्याने.

या सगळ्या वादातला मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा तो हाच. मूल "भू भू" म्हणालं की "हो, काळं कुत्रं, शेपूट हलवतंय" असं म्हणायचं आणि थांबायचं. थांबायला आपण विसरतो. मुलाला उत्तर जुळवायला मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण पान उलटलेलं असतं. झोपेच्या वेळी पुस्तक धरण्यात खरा फायदा आहे तो इथे: त्या वेळी कुकरची शिट्टी नसते, रिक्षा खाली थांबलेली नसते, थांबायला सवड असते. ज्यांची रात्रपाळी असते त्यांनी सकाळी चहा पिताना वाचलं तरी बिघडत नाही. वेळ ठरलेली असावी, एवढंच.

"मोबाइलवर गोष्ट लावा."

लहान मुलांच्या बाबतीत हा सल्ला सरळ चुकीचा आहे. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून पुस्तकं आणि खेळणी घेऊन बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं, तेव्हा काही शिकली नाहीत. पुढे 2010 मध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवणारे व्हिडिओ महिनाभर दाखवून पाहिले. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांच्यापेक्षा ती मुलं पुढे गेली नाहीत. सगळ्यात जास्त शब्द शिकली ती मुलं, ज्यांच्या आईवडिलांना व्हिडिओ न देता तेच शब्द रोजच्या बोलण्यात आणायला सांगितलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको असं म्हटलंय. मूल बसलेलं असेल त्या वेळी काय करावं, तेही त्याच कागदात आहे: मोठ्या माणसाने सोबत पुस्तक वाचावं, गोष्ट सांगावी. सहा-सात वर्षांचं मूल गाडीत बसून ऑडिओ गोष्ट ऐकतंय, त्याला माझा काही विरोध नाही. पण दोन वर्षांच्या बाळाच्या उशाशी फोन ठेवून आपण दुसऱ्या खोलीत जायचं, यात गोष्ट सांगणारं माणूसच वजा होतं.

"तेच पुस्तक पुन्हा मागणं हा हट्ट आहे."

हट्ट नाही, काम चालू आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेलं संशोधन 2011 मध्ये आलं. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे सारखेच आणि सारख्याच वेळा आले. शब्द नीट शिकली ती पुन्हा तीच गोष्ट ऐकणारी मुलं. कंटाळा आपल्याला येतो, मुलाला नाही.

"मूल वाचायचा आळस करतं."

इथे मेसेज लिहिणाऱ्याचं थोडं बरोबर आहे. मांडीवर बसून ऐकल्याने मुलाला आपोआप अक्षरं येतील, अशी आशा कुणी धरू नये. 2005 मध्ये मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन या संशोधकांनी वाचून दाखवताना मुलांची नजर कुठे जाते ते मोजलं; ती जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती, अक्षरांकडे क्वचितच गेली. अक्षरं वेगळी शिकवावी लागतात. पण अक्षरं आल्यावर वाचलेलं कळायला शब्द आधी कानावरून गेलेले असावे लागतात, आणि घरातल्या रोजच्या बोलण्यात शब्द फार नसतात. "दूध पी, चप्पल घाल, हात धुतलेस का" यातच दिवस जातो. 2015 मध्ये अमेरिकेत शंभर चित्रपुस्तकं आणि पालकांचं मुलांशी होणारं बोलणं यांची तुलना झाली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची विविधता जास्त निघाली. याने आळस कसा येईल?

"मराठीत पुस्तकंच नाहीत."

इंग्रजीइतकी नाहीत, हे मान्य. धडच नाहीत, हे मुळीच मान्य नाही. माधुरी पुरंदरे यांनी लिहून स्वतः चितारलेली ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आहेत, आणि त्यांत आपल्याकडची घरं आहेत, आपल्याकडची माणसं आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्तातली पुस्तकं आहेत. चेन्नईची तूलिका ही प्रकाशनसंस्था मराठीतही पुस्तकं काढते. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रकथा फुकट उतरवून घेता येतात, छापता येतात, त्यामुळे न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी घरांनाही ती वाट मोकळी आहे. घरात इंग्रजी पुस्तकच असेल, तर चित्र बघून मराठीत बोला. चित्राला भाषा नसते.

याच कारणाने, "आम्हाला कुठे वाचता येतं" म्हणणाऱ्या आयांनाही मी पुस्तक घरी देते. आमच्याकडे येणारी एक आई धुण्याभांड्याची कामं करते, शाळेत गेलेली नाही. ते कॅलेंडरचं पुस्तक तिने घरी नेलं आणि परत आणून दिलं तेव्हा तिचा मुलगा मनीला "आमची सोनी" म्हणत होता, आणि मोजा का नेला याचं कारणही त्याच्याकडे होतं: सोनीला पिल्लं झाली होती, त्यांना थंडी वाजत होती. ते कारण आईने सांगितलं की मुलाने, हे दोघांनाही आता आठवत नाही. मी त्या पुस्तकाला शेवटी एक कोरं पान जोडलं आणि पिल्लं त्या मुलाकडूनच काढून घेतली.