पोलंडचे खासदार जामसाहेबांच्या नावाने शपथ घेत नाहीत

कोल्हापुरात हयात गेलेल्या माझ्या मामांनीच घरच्या ग्रुपवर तो मजकूर पाठवला, तेव्हा गप्प बसवेना. हिटलरच्या हल्ल्यानंतर पोलिश सैनिकांनी पाचशे स्त्रिया आणि दोनशे मुले जहाजात बसवून दिली, इराणसह सर्वांनी त्यांना नाकारले, जामनगरच्या महाराजांनी, म्हणजे जामसाहेबांनी, आसरा दिला, पुढे त्यांतलाच एक पोलंडचा पंतप्रधान झाला आणि तिथले खासदार आजही महाराजांच्या नावाने शपथ घेतात, असे त्यात म्हटले आहे.

शपथेचे आधी उरकू. तिचे शब्द पोलंडच्या 1997 च्या राज्यघटनेच्या कलम 104 मध्ये छापलेले आहेत. राष्ट्राप्रती कर्तव्ये, देशाचे सार्वभौमत्व व हित, नागरिकांचे भले आणि कायद्यांचे पालन एवढेच त्यात आहे. ज्याला हवे त्याने शेवटी देवाचे नाव घ्यावे, महाराजांचे नाव कुठेही नाही. जामसाहेबांचे औदार्य खरे आहे, हे मान्य करायलाच हवे. त्यांनी जामनगरजवळच्या बालाचडीत सुमारे हजार मुले सांभाळली, आणि 2016 मध्ये पोलिश संसदेने त्यांच्या गौरवाचा ठरावही केला. पण ठराव म्हणजे शपथ नव्हे.

खरा संताप येतो तो इराणवरच्या आरोपाचा. ही माणसे मुळात हिटलरच्या तावडीतून सुटलेली नव्हतीच. 17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात नेले. मजकुरात स्टालिनचा उल्लेखही नाही. 1942 मध्ये त्यांतले लाखाहून अधिक लोक, सैनिक धरून, कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. ज्या देशाने त्यांना थारा दिला, ज्याच्या तेहरानमधल्या दुलाब दफनभूमीत त्यांतले शेकडो पुरलेले आहेत, त्यालाच हाकलणारा ठरवणे हा निव्वळ कृतघ्नपणा आहे. बालाचडीची पहिली मुले तर जहाजाने नव्हे, सोव्हिएत संघातल्या अश्गाबातहून इराणमधल्या मशहद आणि पुढे क्वेट्याच्या वाटेने लॉऱ्यांतून आली.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्याविषयी मजकुरात चकार शब्द नाही. त्यांच्या बराकी पुढे सिंधी निर्वासितांना मिळाल्या. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर तेच.

राहिला पंतप्रधान. तिथल्या पंतप्रधानांच्या यादीत या छावण्यांतले कोणीही नाही. ज्यांची घरे पूर्व पोलंडमध्ये होती त्यांचा मुलूखच युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला आणि वॉर्सात कम्युनिस्ट बसले. म्हणून बहुसंख्य लोक परतलेच नाहीत. ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत गेले आणि पोलंडबाहेरच्या पोलिश समाजात, ज्याला ते लोक ‘पोलोनिया’ म्हणतात, मिसळून गेले.