संभाव्यता आणि किलवरची तिर्री

संभाव्यता हे दहावीच्या बीजगणितातलं पाचवं प्रकरण. भाचीला ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सगळं सामान घरात तयार होतं. आईच्या रमीचे पत्ते होते आणि सुटी नाणी काय, मामाच्या खिशात असतातच.

"दोन नाणी फेकली. कमीत कमी एक छापा येण्याची संभाव्यता किती?"

"दोन तृतीयांश. छापा नाही, एक छापा, दोन छापे. तिनातले दोन."

मी वहीत नमुना अवकाश, म्हणजे शक्य त्या सगळ्या निष्पत्तींची (निकालांची) यादी, लिहिला: छाछा, छाका, काछा, काका.

"यात काका कुठून आले?" आईने चष्म्यावरून विचारलं.

"आणि छाका नि काछा एकच की!" इति भाची.

शेवटी एक रुपयाचं आणि एक पाचाचं नाणं समोर ठेवलं. रुपयावर छापा नि पाचावर काटा हे वेगळं, आणि उलटं झालं तर ते वेगळं. तेव्हा कुठे भाचीबाईंनी तीन चतुर्थांश मान्य केलं. दालांबेर या नामांकित फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली विश्वकोशात तिचंच दोन तृतीयांश लिहिलं होतं. हे कळल्यापासून प्रत्येक उदाहरणाला "मामा, तू मोठा की दालांबेर?" सुरू आहे.

मग पत्ते. एक पत्ता ओढला, तो किलवर असण्याची संभाव्यता? "तेरा भागिले बावन्न. एक चतुर्थांश."

"किलवरची तिर्री दिवाळीत हरवलीय," आई म्हणाली.

म्हणजे १२/५१. भाचीने ३ने भाग देऊन ४/१७ केलंही.

"पण तिच्या जागी जोकर घातलाय. मीच बॉलपेनने तीन किलवर काढलेत."

पुन्हा १३/५२. खोडरबराचा चुरा झाला. त्यात हा जोकर दुसऱ्या कॅटातला, पाठ निळी. बाकी सगळे लाल. डोळे मिटून ओढला तर ठीक, नाहीतर निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, कसल्या? समसंभाव्य म्हणजे काय ते भाचीला इथे एका झटक्यात कळलं. कारण माझ्या हातात निळी पाठ दिसली की आई किलवरची दुर्री मरेपर्यंत सोडत नाही. पुस्तकात "चांगल्या पिसलेल्या" पत्त्यांची अट असते. आईच्या पिसण्याविषयी मी या घरात राहून काही बोलणार नाही.

"मामा, पूर्वपरीक्षेत मी पास तरी होईन नाहीतर नापास. म्हणजे एक द्वितीयांश ना?"

"दोनच निष्पत्ती आहेत म्हणून त्या समसंभाव्य होत नाहीत."

"अभ्यास कर म्हणायचंय, तर सरळ म्हण ना!"