परदेशातून : आधी खेळाडूला विचारा

आयपीएलचं मेगा ऑक्शन आलं की आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर दुसरा विषय नसतो, आणि भांडण दरवेळी एकाच गोष्टीवरून, पैसा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला ऑक्शन झालं तेव्हा ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी दिले, आपल्या श्रेयस अय्यरला पंजाबने पावणेसत्तावीस कोटी दिले, आणि ग्रुपवर निम्मी मंडळी म्हणत होती की एका माणसाला एवढे पैसे म्हणजे डोकं फिरलंय लोकांचं. बाकीच्यांचं म्हणणं की श्रेयसने कोलकात्याला त्याच वर्षी कप जिंकून दिला आणि पैशासाठी सोडून गेला, बेइमान. दोघं-तिघं त्यांना उलट सुनावत होते, बेइमान कोलकातावाले, कॅप्टनने ट्रॉफी आणून दिली आणि त्यालाच रिटेन, म्हणजे ऑक्शनआधीच कायम, केलं नाही. मी इथे अटलांटाजवळ राहतो, रात्री हे सगळे मेसेज वाचतो आणि मला मनापासून वाटतं की आपण भलत्याच मुद्द्यावर भांडतोय. किती कोटी दिले हा प्रश्न नाहीये. खेळाडूला कोणी विचारलं का, आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या टीमने स्वतः काही पणाला लावलं का, हा खरा प्रश्न आहे.

हे माझ्या डोक्यात बसलं ते बेसबॉलमुळे. २००२ चा डिसेंबर होता, मी अटलांटात नवीन होतो, आणि ऑफिसात सगळे जण ग्रेग मॅडक्स या एकाच माणसाबद्दल बोलत होते. मॅडक्स म्हणजे अटलांटा ब्रेव्ह्जचा बॉलर, म्हणजे पिचर, त्या काळातल्या सर्वात मोठ्या नावांपैकी एक, वय ३६, कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, म्हणजे फ्री एजंट, कुठेही जायला मोकळा. त्या वेळचा नियम असा की असा मोठा खेळाडू सोडून गेला तर जुन्या क्लबला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडायच्या वेळी, जास्तीचा नंबर मिळायचा. पण फुकट नाही. त्यासाठी क्लबने आधी खेळाडूला आर्बिट्रेशनची ऑफर द्यायची, म्हणजे लेखी सांगायचं की बाबा रे, तू एक वर्ष आमच्याकडे खेळ, पगारावर आपलं जमलं नाही तर तिऱ्हाईत पंच ठरवतील तो आम्ही देऊ. खेळाडूने नाही म्हटलं तर क्लबला भरपाईचा हक्क. हो म्हटलं तर क्लबची सुटका नाही, पैसे द्यायचेच.

ब्रेव्ह्जने ऑफर दिली, आणि सगळे धरून चालले होते की मॅडक्स काही हो म्हणणार नाही. क्लबने माइक हॅम्प्टन आणि रस ऑर्टिझ हे दोन पिचर आधीच घेऊन ठेवले होते, बजेट संपल्यातच जमा. आणि मॅडक्स हो म्हणाला. आमच्या ऑफिसातला एक सहकारी, जन्मापासून ब्रेव्ह्जचा, त्याने मीटिंगरूमच्या व्हाइटबोर्डवर पिचर्सची नावं एकाखाली एक लिहिली, पुढे पगाराचे आकडे, खाली बेरीज, आणि मग मार्कर टेकवून म्हणाला, आता यातला एक जाणार. दुसऱ्याच दिवशी केविन मिलवुड गेला, त्या सीझनमध्ये १८ मॅच जिंकून दिलेला पिचर, फिलाडेल्फियाला, बदल्यात जॉनी एस्ट्राडा नावाचा एक कॅचर. पुढच्या एप्रिलमध्ये मिलवुडने फिलाडेल्फियाकडून नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट नाही, तेव्हा त्या सहकाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. मॅडक्सला त्या वर्षी पावणेपंधरा मिलियन डॉलर मिळाले.

मला तेव्हा फार भारी वाटलं होतं ते हे, की एवढा मोठा क्लब एका खेळाडूच्या हो-नाहीची वाट बघत बसला होता. आपण लग्नाच्या बोलणीत म्हणतो ना की शब्द दिला की दिला, तसं. शब्द देताना मनात होतं की समोरचा नाहीच म्हणेल, तरी शब्द पाळावा लागला.

त्यामुळे दर डिसेंबरला इथले क्लब चार-चार वेळा विचार करायचे की कोणाला ऑफर द्यायची आणि कोणाला नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकीज क्लबने बॉबी अब्रेयूला ऑफर दिलीच नाही, कारण त्या वर्षी त्याला १६ मिलियन मिळत होते आणि तो हो म्हणाला असता तर पुन्हा तेवढेच, नाहीतर जास्तच बसले असते. मंदीचं वर्ष होतं, अब्रेयू शेवटी एंजल्स या क्लबकडे फक्त ५ मिलियनला गेला, आणि यँकीजला भरपाई शून्य. धोका घेतला नाही म्हणून हक्कही नाही, सरळ हिशोब. त्याच हिवाळ्यात एंजल्सने आपल्या मार्क टिशेराला ऑफर दिली होती, तो नाही म्हणून यँकीजकडे गेला, ८ वर्षं आणि १८० मिलियन, आणि त्या बदल्यात यँकीजचा ड्राफ्टमधला २५ वा नंबर एंजल्सला मिळाला. त्या नंबरवर त्यांनी २००९ मध्ये न्यू जर्सीतल्या मिलव्हिल नावाच्या गावातला एक पोरगा घेतला, माइक ट्राउट. ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की तो पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वात मोलाचा खेळाडू, झाला.

आता हे नियम बदललेत, २०१२ पासून आर्बिट्रेशनऐवजी एक ठरलेली रक्कम असते, वरच्या १२५ पगारांची सरासरी, तिला क्वालिफाइंग ऑफर म्हणतात. पण गाभा तोच, भरपाई हवी तर आधी ऑफर द्या आणि खेळाडूच्या उत्तराला बांधील राहा. २०२५ मध्ये ही रक्कम २२.०२५ मिलियन होती आणि यँकीजचा ट्रेंट ग्रिशम हो म्हणाला, त्या सीझनमध्ये त्याचा पगार होता ५ मिलियन.

आता आपल्याकडे बघा. पंतने ऑक्शनच्या काही दिवस आधी स्वतः ट्विटरवर लिहिलं होतं की माझं रिटेन्शन पैशावरून अडलेलं नाही. म्हणजे त्याचं आणि दिल्लीचं दुसऱ्या कशावरून तरी फाटलं होतं. मग जेद्दाहला लखनौची बोली २०.७५ कोटीवर थांबली तेव्हा दिल्लीने राइट टू मॅचचं कार्ड वर केलं, म्हणजे दुसऱ्याच्या बोलीएवढे पैसे देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क. नवीन नियमाप्रमाणे लखनौला एकदा बोली वाढवायची संधी होती, त्यांनी थेट २७ केले, दिल्लीने माघार घेतली. टीव्हीवर मजा वाटली सगळ्यांना. पण लखनौने वाढवलं नसतं तर? ज्या टीमशी जमत नव्हतं त्याच टीमकडे तो परत गेला असता, आणि त्याला हो-नाही विचारायची पद्धतच नाही. दिल्लीने त्या कार्डासाठी काय पणाला लावलं होतं? त्या टेबलावर तरी काहीच नाही. दुसऱ्याने भाव काढून दिला, पटला तर घ्यायचं, नाही पटला तर सोडायचं. श्रेयसच्या बाबतीतही कोणी काय ऑफर दिली आणि कोण नाही म्हणालं याबद्दल दोन्ही बाजूंनी वेगवेगळं ऐकायला आलं, आणि आपण ग्रुपवर ज्याला जे आवडतं ते धरून त्याला बेइमान ठरवत बसलो, कारण लेखी ऑफर, तारीख, उत्तर असं काही लोकांसमोर येतच नाही.

आणि २०१० मधला रवींद्र जडेजा आठवतोय का कोणाला? राजस्थानने त्याला मोकळं केलं नव्हतं आणि त्याने दुसऱ्या टीमशी बोलणी चालवली, म्हणून अख्खा एक सीझन बंदी. २१ वर्षांचा पोरगा. तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले, बरं झालं, लई हवेत होता. मला फार वाईट वाटलं होतं, कारण अमेरिकेत हेच सगळं आधी होऊन गेलंय. १९६९ मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला १२ सीझननंतर न विचारता फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरवलं, तो म्हणाला मी काही विकायची वस्तू नाही, कोर्टात गेला, सुप्रीम कोर्टात १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ ने हरला, आणि या भांडणात करिअरही संपलं त्याचं. पण त्याच्यामागे युनियन होती, मार्विन मिलर नावाचा खमक्या माणूस होता. त्यांनी १९७३ मध्ये आर्बिट्रेशन पदरात पाडून घेतलं, १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाच्या निकालाने फ्री एजन्सी आली, आणि १९८१ मध्ये याच भरपाईच्या नियमावरून ऐन सीझनमध्ये संप झाला, सातशेच्या वर मॅच बुडाल्या. आपल्याकडे इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली २०१९ मध्ये, तीसुद्धा निवृत्त खेळाडूंची. जो आज खेळतोय त्याच्या बाजूने टेबलावर बसणारं कोणीच नाही.

अमेरिकेतलं सगळं चांगलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. ज्या ट्राउटचं मी वर कौतुक केलं त्याने २०१२ मध्ये पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये धुमाकूळ घातला, आणि पुढच्या वर्षी क्लबने त्याला दिले ५ लाख १० हजार डॉलर, जवळपास किमान पगार, कारण पहिली तीन वर्षं आर्बिट्रेशनला जाता येत नाही आणि सहा वर्षं क्लब सोडता येत नाही. आपल्याकडे जेद्दाहला १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर राजस्थानने १ कोटी १० लाख लावले, समस्तीपूरकडच्या पोराला पहिल्याच दिवशी बाजारभाव मिळाला, हे अमेरिकेतल्या पोरांना स्वप्नातही मिळत नाही आणि यात आयपीएल खरंच पुढे आहे. शिवाय भरपाईचा नियम अगदी वरच्या नसलेल्या खेळाडूंना फार नडतो. डॅलस कायकल, २०१५ चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या बक्षिसाचा, विजेता, त्याने ह्यूस्टनची १७.९ मिलियनची ऑफर नाकारली, मग त्याला घेतला तर आपला ड्राफ्टचा नंबर जाईल म्हणून २०१९ च्या जूनपर्यंत कोणी हात लावला नाही. ड्राफ्ट झाला, भरपाईची अट संपली, आणि मग तो आमच्या ब्रेव्ह्जकडे १३ मिलियनला आला. अर्धा सीझन घरी बसून.

आर्बिट्रेशनची सुनावणी हा तर आणखी कटू प्रकार. खेळाडू एक आकडा देतो, क्लब एक आकडा देतो, आणि पंचांनी दोनातला एकच निवडायचा, मधला नाही. मिलवॉकीचा पिचर कॉर्बिन बर्न्स २०२३ मध्ये असा समोर बसला होता, त्याचा आकडा १०.७५ मिलियन, क्लबचा १०.०१, आणि क्लबचे लोक त्याच्याच तोंडावर सांगतायत की तू किती कमी पडलास. तो हरला, आणि बाहेर येऊन त्याने उघड सांगितलं की नातं दुखावलंय. वर्षभरात बाल्टिमोरला गेला. आपल्याकडे मुंबईच्या नाहीतर विदर्भाच्या एखाद्या पोराला फ्रँचायझीच्या वकिलांसमोर असं बसवावं असं मला मुळीच वाटत नाही.

पण ऑफर आधी, हक्क नंतर, एवढी एक गोष्ट आपण उचलायलाच हवी. पुढच्या मेगा ऑक्शनच्या आधी ज्या टीमला एखाद्यावर राइट टू मॅच हवाय तिने त्याला लेखी रक्कम द्यावी आणि ती जाहीर व्हावी, त्याला आठ-दहा दिवस विचार करायला मिळावेत, तो हो म्हणाला तर टीमने पैसे मोजावेत. नाही म्हणाला तर तो पूर्ण मोकळा, कार्ड-बिर्ड काही नाही, आणि जुन्या टीमला भरपाई हवीच असेल तर पर्समध्ये, म्हणजे ऑक्शनला खर्चायच्या रकमेत, चार-पाच कोटी वाढवून द्या, त्याने कोणा दुसऱ्या टीमचं आणि त्या खेळाडूचं काही बिघडत नाही. इथल्या बेसबॉलमधला मालक आणि युनियन यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा, क्लबमालकांना सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, हवीये आणि युनियनचा तिला ठाम विरोध आहे, त्यामुळे यावर इथे महिनोन्‌महिने वाद चालेल आणि त्यात खेळाडूंची बाजू खेळाडूच मांडतील. आयपीएलच्या टीमना १२० कोटींची पर्स ठरली, सहा जण ठेवायचं ठरलं, राइट टू मॅचचा नवीन नियम ठरला, तेव्हा बोर्ड होतं, टीमचे मालक होते. श्रेयस, पंत, ऋतुराज यांच्या वतीने त्या खोलीत कोण होतं ते आधी ग्रुपवर कोणीतरी सांगा, मग २७ कोटी जास्त की कमी यावर बोलू.