कुणी बांधला?

"दादा, तलाव मानवनिर्मित हाय. नियम लागूच होत नाहीत." चुलतभाऊ फोनवर इतकंच बोलला आणि तेव्हापासून माझं डोकं भणभणतंय. गावच्या तलावाच्या मागच्या अंगाला, जिथं पाणी उथळ पसरतं, तिथं भराव टाकून प्लॉटिंग करायचं घाटतंय. वकिलालाही विचारून झालंय.

वकील चुकत नाही, हेच दुखतं. 2017 चे पाणथळ संवर्धन नियम पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळतात. मराठवाड्यात दुसरं आहे काय? भराव नको, कारखाना नको, पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको, हे सगळं आमच्या बांधाशी येऊन थांबतं.

मी न्यूझीलंडात लिंकनला राहतो. जवळच 'ते वाइहोरा' नावाचं तळं आहे. ते तळं समुद्राला मिळवायला यंत्रं लावून खडीचा बांध फोडावा लागतो, म्हणजे तिथलं पाणीही माणसाच्याच हातात. तरी 1990 मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र जलसंवर्धन आदेश निघाला. माशांच्या ये-जा करण्याचा काळ सोडला, तर ऑगस्ट ते मार्च पाणी समुद्रसपाटीच्या वर 1.05 मीटर आणि एप्रिल ते जुलै 1.13 मीटर चढल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही. कशासाठी? पाखरांसाठी. पुढं 1991 च्या कायद्यानं असा आदेश मागायला कुणालाही थेट मंत्र्याकडं अर्ज करायची मुभा दिली. तिथं काय जगतं, हे आधी विचारलं जातं. आपल्याकडं विचारतात, कुणी बांधला?

"तुमचं तळं तर हिरवं पडलंय, तूच फोटो धाडला व्हता," भाऊ म्हणाला. खरं आहे. आदेशानं पातळी बांधली, पण गोठ्यांच्या रानांतून झिरपणारं नत्र थांबलं नाही. माझा पगार त्याच दुधातून येतो.

पण 'मानवनिर्मित' हा शब्द मला त्याच्या तोंडून ऐकवत नाही. 1972 च्या दुष्काळी कामावर आमच्या आजीनं त्या बांधावर टोपल्यांनी माती वाहिली. पाणी ओसरलं की गाळपेऱ्यात आमचा हरभरा असायचा. माझी कॉलेजची पहिली फी त्या हरभऱ्याची.

फोन ठेवताना तो म्हणाला, "एक प्लॉट तुझ्या नावानं ठेवतो. परत आलास की घर बांधशील." मला तेव्हा नाही म्हणवलं नाही. इतक्या वर्षांत गावात माझ्यासाठी जागा ठेवतो असं कुणी म्हणालंच नव्हतं.

आज त्याला लिहून कळवलंय, घर हवंय, पण तिथं नको. उत्तर अजून आलेलं नाही.