"आज सेन्सेईंनी काही शिकवलंच नाही"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सातची जपानीची बॅच. मी त्यांची सेन्सेई, म्हणजे शिक्षिका. मी मुलांच्या जोड्या लावल्या. एकाच्या हातात रेल्वेचं वेळापत्रक, त्यातले अर्धे रकाने कोरे. दुसऱ्याकडे तेच वेळापत्रक, पण कोरे रकाने वेगळे. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, जपानीतच विचारायचं, रकाने भरायचे आणि शेवटी ठरवायचं की सकाळी दहाच्या आत क्योतोला पोचायचं तर कुठली गाडी धरायची. "देन्शा वा नान्जि नि देमासु का?" गाडी किती वाजता सुटते? हे एक वाक्य त्या तासात प्रत्येकाच्या तोंडून वीस-पंचवीस वेळा तरी गेलं असेल. एका जोडीने 'इचिजि' म्हणजे एक वाजता आणि 'शिचिजि' म्हणजे सात वाजता यांत घोळ घातला. त्यांची गाडी चुकली, पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं. दुसऱ्या वेळी दोघांनी 'शि'वर असा काही जोर दिला की आता ती चूक त्यांच्याकडून जन्मात होणार नाही.

मी खुशीत होते. तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. चाकणला कंपनीत काम करतो, शिफ्ट संपवून दोन बस बदलून येतो. अतिशय कष्टाळू. म्हणाला, "सेन्सेई, आज वहीत काय लिहायचं? वही कोरीच राहिली."

मी म्हटलं, "अरे, तू आज तासभर जपानी बोललास."

"हो, पण शिकलो काय?"

दोन दिवसांनी मी तेव्हा जिथे शिकवत होते तिथून फोन आला. बॅचमधून तक्रार आहे, मॅडम शिकवत नाहीत, नुसत्या गप्पा मारायला लावतात. पुढच्या आठवड्यापासून फळ्यावर व्याकरण घ्या, मुलं पैसे भरतात.

मला फार लागलं ते. पण 'मुलांना कळत नाही' म्हणून मी विषय सोडून दिला असता तर आज ही पोस्ट लिहिली नसती. तो मुलगा आळशी नव्हता, उद्धट नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की आज आपला तास वाया गेला. असं का वाटलं असेल, याचा विचार मी त्यानंतर वर्षभर करते आहे.

आपण भाषा शिकलो कशी ते आठवा. आठवीला संस्कृत आलं की रामः रामौ रामाः. इंग्रजी म्हणजे काळांचे तक्ते आणि भाषांतर. तर्खडकरी पद्धत म्हणून आपण आज तिला नावं ठेवतो, पण तिने पिढ्या घडवल्या हेही खरं आहे. शिकणं म्हणजे फळ्यावरचं वहीत येणं, वहीतलं पाठ होणं आणि पाठ झालेलं पेपरात उतरणं. दहा-बारा वर्षं ज्या मुलाने हेच केलं, त्याला अचानक एका संध्याकाळी 'बोला' म्हटलं की त्याला आपण शिकतोय असं वाटणार कसं? त्याच्याकडे मोजायला एकच माप आहे, वहीची पानं.

त्यात परीक्षाही याच मापाच्या. जपानीची जी परीक्षा सगळे देतात, जेएलपीटी, ती १९८४ पासून चालू आहे. २०१० मध्ये तिचं स्वरूप बदललं, चाराच्या पाच लेव्हल झाल्या, सर्वांत सोप्या एन-फाइव्हपासून सर्वांत अवघड एन-वनपर्यंत. पण अजूनही तिच्यात बोलण्याची परीक्षा नाही. लिहिण्याचीही नाही. सगळे प्रश्न पर्यायांतून उत्तर निवडायचे. एन-थ्रीला १८० पैकी ९५ मिळाले आणि प्रत्येक विभागात किमान १९ असले की पास, आणि त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. माझ्याकडे एन-थ्री झालेली मुलं येतात. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वाचतात, 'वा', 'नि' अशा छोट्या अव्ययांचे बारकावे सांगतात, आणि जपानी माणसाचा फोन आला की हातपाय गार पडतात. मग मुलगा विचारणारच ना, की बोलण्याला मार्कच नाहीत तर तासभर बोलायचं कशाला? त्याच्या जागी तो बरोबर आहे.

आता दुसरी बाजू. वाटणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याचे चांगले पुरावे आहेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने थोडाच वेळ वाचला आणि मग न बघता आठवून आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी की 'आपल्या हे चांगलं लक्षात राहील' अशी खात्री जास्त होती ती वाचणाऱ्यांनाच.

दुसरा अभ्यास हार्वर्डमधला, २०१९ चा. विषय भौतिकशास्त्राचा होता, पण मला तो माझ्याच वर्गातला वाटतो. मुलांना एकदा उत्तम, ओघवतं व्याख्यान ऐकवलं आणि एकदा त्यांच्याकडूनच गटात बसवून गणितं सोडवून घेतली. चाचणीत दुसऱ्या पद्धतीने शिकलेली मुलं पुढे. पण 'आज तुम्ही किती शिकलात?' या प्रश्नावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. कारण ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः करताना अडखळायला होतं, आणि अडखळणं म्हणजे न येणं असं आपण धरून चालतो.

मी हे वाचलं आणि चाकणचा तो मुलगा डोळ्यांसमोर आला. तो अडखळला होता. म्हणून त्याला वाटलं की शिकलो नाही.

मग मी एक साधं काम केलं. नवीन बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायला लागले. घरी कोण कोण आहे, सकाळी काय करता, एवढंच. आठव्या आठवड्यात पुन्हा तेच विचारायचं आणि दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ज्याचं त्याला ऐकवायचं. माझ्या वर्गात लातूरकडची एक मुलगी होती, नर्सिंग केलेली. स्वतःचं पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना तिने ओढणी तोंडावर धरली. पंचावन्न सेकंदांत तीन वाक्यं, बाकी सगळं 'एतो... एतो...', म्हणजे 'अं... अं...'. दुसरं ऐकलं आणि म्हणाली, "सेन्सेई, हे मीच बोलले? हे शिकवलं कधी?" मी तिला त्या वेळापत्रकाच्या, बाजाराच्या, पत्ता विचारण्याच्या एकेका तासाची तारीख दाखवली. त्या दिवशी तिने वहीत तारखा लिहून घेतल्या. तिला वही भरायचीच होती, आणि माझी त्याला हरकत नाही.

वेळापत्रकाचा तो खेळ परदेशातून आलाय असं पुष्कळ जणांना वाटतं, म्हणून इथे एक सांगायलाच हवं. काम देऊन भाषा शिकवायची ही जी पद्धत आज जगभर चालते, तिचा एक मोठा आणि गाजलेला प्रयोग आपल्याकडे झाला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये तो केला. बंगळूर प्रोजेक्ट म्हणून तो ओळखला जातो. नकाशे, वेळापत्रकं, आकडेमोड अशी डोकं चालवायला लावणारी कामं द्यायची, मुलांचं लक्ष उत्तर काढण्याकडे असतं आणि भाषा वाटेत येत जाते, ही त्यांची भूमिका. भरलेला वर्ग, बेताची साधनं, अशा परिस्थितीत हे करून बघितलेलं आहे. त्यामुळे 'आपल्याकडे हे चालत नाही' असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

पण आता जे सांगायचं आहे ते आम्हा शिक्षकांबद्दल आहे.

आम्ही मुलांना विचारत नाही. कोर्सच्या शेवटी एक फॉर्म भरून घेतला जातो. शिक्षक वेळेवर आले का, पंखे चालू होते का, पाचपैकी किती तारे. यातून मुलाच्या डोक्यात भाषा शिकण्याबद्दल काय आहे ते कळायचा संभव नाही. एलेन हॉर्विट्झ या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात यासाठी एक प्रश्नावली तयार केली होती. त्यात विधानं आहेत आणि ती पटतात की नाही ते सांगायचं. उदाहरणार्थ, परभाषा शिकणं म्हणजे मुख्यतः व्याकरणाचे नियम शिकणं. किंवा, बरोबर बोलता येईपर्यंत त्या भाषेत बोलूच नये. मी यातली मोजकी विधानं मराठीत करून एका कागदावर मांडली, खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आणि 'असं का वाटतं?' एवढं विचारलं. नाव घालायचं नाही.

बोलू नये याला जवळजवळ सगळ्यांनी 'पटतं' लिहिलं. का, तर 'लोक हसतात', 'शाळेत इंग्रजी बोलताना हसले होते', 'चुकीचं तोंडात बसतं'. हे वाचल्यावर मी जोड्या लावण्याची पद्धत बदलली. पहिला महिना जोड्या त्याच ठेवते, दर तासाला माणूस बदलत नाही. ओळखीच्या माणसापुढे चुकायला तेवढी लाज वाटत नाही.

आणि एका गोष्टीत तर मुलं बरोबर होती, मी चूक होते. तीन-चार कागदांवर एकच मागणी होती: सेन्सेई, मराठीतून सांगा ना.

आम्हाला शिकवलंय की वर्गात फक्त जपानी, अगदीच अडलं तर इंग्रजी. पुस्तकांतली टिपणंही इंग्रजीत. वर्षानुवर्षं मी 'ते ओकु' हा प्रयोग इंग्रजीतून समजावत आले, पुढच्या तयारीसाठी आधीच करणे वगैरे. मुलं मान हलवायची आणि वापरायची मात्र नाहीत. त्या कागदांनंतर मी फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं:

ताबेते मिरु: खाऊन बघणे
कात्ते ओकु: विकत घेऊन ठेवणे
नोन्दे शिमाउ: पिऊन टाकणे
मोत्ते कुरु: घेऊन येणे

'मिरु' म्हणजे बघणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे, 'कुरु' म्हणजे येणे. मराठीत आपण जे दिवसभर बोलतो, करून बघ, आणून ठेव, संपवून टाक, तेच जपानी माणूस बोलतो. वर्गात एकदम कालवा झाला. प्रत्येक जण आपल्या घरातली वाक्यं जपानीत घालायला लागला. पाच मिनिटांत चार प्रयोग झाले, ज्यांना माझे चार तास जात असत. वाक्याच्या शेवटचा 'का' तर आपलाच आहे: इकिमासु का, जाता का? आणि 'आत्सुइ देसु ने' म्हणजे 'गरम होतंय ना'. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर. इंग्रजीतून गेलं की आधी सगळं उलटं करायचं आणि मग पुन्हा सुलटं. ज्याचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय तो बिचारा आधी इंग्रजीशी झगडतो आणि मग उरलेल्या ताकदीने जपानीशी. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, मुलांनी सुचवलं.

मराठीतून सगळा तास घ्यावा असं मी म्हणत नाही. पाच मिनिटं मराठी, मग पंचावन्न मिनिटं वापर. पण ती पाच मिनिटं सोन्यासारखी आहेत.

अॅप्सबद्दल थोडंसं. शब्द आणि कांजी ठरावीक अंतराने पुन्हा समोर आणणारी अॅप्स खरोखर उपयोगी आहेत, त्यामागचं विसरण्याचं शास्त्र एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडलं होतं. 'अंकी' या अशाच एका अॅपचं नावच जपानी आहे, म्हणजे पाठांतर. मात्र रोजची साखळी तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला दोन मिनिटं बोट फिरवायचं, याने शिकल्याचं समाधान मिळतं आणि बाकी फार काही मिळत नाही. एआयशी जपानीत बोलणारी मुलंही आता येतात. लाजाळू मुलांना त्याचा फायदा होताना मी बघितला आहे, कारण तिथे कोणी हसत नाही.

हे सगळं आत्ताच इतक्या तळमळीने का लिहिते आहे? कारण वर्गात येणारी माणसं बदलली आहेत. पूर्वी आयटीतले, हौसेने शिकणारे जास्त असत. आता जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं-मुली येतात. जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, २०२१ च्या जानेवारीत भारताशी त्याबद्दल करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, हॉटेलं, कारखाने. एन-फोर किंवा त्याच्या बरोबरीची परीक्षा हवी. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. तिथे पोचल्यावर नव्वदीच्या आजीने रात्री दोन वाजता, तेही बोलीभाषेत, काहीतरी मागितलं, तर समोर चार पर्याय नसतात.

काल नव्या बॅचकडून तोच कागद भरून घेतला. 'बरोबर येईपर्यंत बोलू नये' याच्याखाली एकाने निळ्या पेनाने लिहिलं आहे: "पटत नाही. पण मला चुकायला वेळ नाही. पाच महिन्यांत जायचं आहे."

अक्षरावरून कोण ते मी ओळखलं. शनिवारी तासाआधी त्याला चहाला थांबवणार आहे. तुमच्यापैकी जे कमी वेळात तयारी करून जपानला गेले आहेत आणि तिथे काम करत आहेत, त्यांनी खाली जरूर लिहा: पहिल्या महिन्यात नेमकी कुठली वाक्यं लागली, आणि वर्गातलं काय कामाला आलं, काय नाही. मराठीत लिहा. मला त्याला वाचून दाखवायचं आहे.